निळ्या फुलांची बरणी

उंदरांच्या औषधाची बरणीसुद्धा मी सकाळी रंगवली, कारण रंगीत बरण्यांच्या रांगेत तेवढीच ओकीबोकी दिसत होती. पांढरा ऑइलपेंट, वर निळी फुलं. लेबलावरची लाल कवटी झाकली गेली. दुपारी पाड्यावरचा भिका आला. भाताच्या कणगीत उंदीर शिरले होते. मी औषध बरणीसकट दिलं. संध्याकाळी नळावरून परतले, तर हे तारापूरच्या साइटवरून येऊन पोरांसोबत चहा पीत होते. "भिकाची आई बरणी देऊन गेली," ते म्हणाले. "म्हणाली, 'बाईची एवढी चांगली बरनी रिकामी कशी देऊ?' रेशनची साखर भरून आणली बिचारीनं." "भिकानं तिला काही सांगितलं नाही?" "काय सांगायचं?" "अहो, चहात कुठली साखर घातली?" "तीच. आपली संपली होती ना." बरणी त्यांच्या हातात होती. अंगठ्याखालचा ओला रंग निघून लाल कवटी दिसत होती. पोरांचे कप रिकामे होते.