मधला सर्व्हर

धाकट्याने चॅट उघडलं आणि बघतो तर काय! दादाचा मेसेज चक्क बाबांना गेला होता, तोही धाकट्याच्या नावाने!

झालं होतं असं, की सगळी माणसं वेगवेगळ्या अ‍ॅपवर. ऑफिस एकीकडे, मित्र दुसरीकडे, दादा तिसरीकडेच. धाकटा वैतागला आणि त्याने स्वतःचा चॅट सर्व्हर उभा केला. सगळी अ‍ॅप त्याला जोडली. आता सगळ्यांच्या गप्पा एकाच खिडकीत, एकदम भारी! फक्त चालतंय का बघायला त्याने दादा आणि बाबांना एका ग्रुपमध्ये टाकलं आणि काढायचंच विसरला. मग एकाने लिहिलं, की सर्व्हर ते धाकट्याचं नाव लावून दुसऱ्याला पोचवणार.

आणि हे दोघं म्हणजे कोण? चष्म्याच्या दुकानावरून कडाक्याचं भांडलेले बापलेक! "दुकान तुम्हालाच लखलाभ," म्हणून दादा घर सोडून गेला. तेव्हापासून दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलेलं.

दादाने धाकट्याला म्हणून लिहिलं होतं, "जेवण झालं का?" खाली बाबांचं उत्तर, "झालं. आज कशी काय आठवण?"

धाकट्याने घाईघाईने दादाला फोन लावला. "दादा, सॉरी, घोळ झालाय. ते उत्तर माझं नाही, बाबांचं आहे. आत्ता तोडतो."

पलीकडे दादाने ते उत्तर पुन्हा मोठ्याने वाचलं. मग दादा म्हणाला, "नको तोडूस. राहू दे ना यार."

राहिलं. दादा रोज लिहायचा. गुडघा कसाय, गोळी घेतली का, गिऱ्हाइकं आहेत का. बाबा दुकानातून रकानेच्या रकाने उत्तरं पाठवायचे. संध्याकाळी शीळ घालत घरी यायचे. धाकट्याच्या पाठीवर थाप मारायचे. आणि तो हेडफोन लावून आपल्या खोलीत पळायचा, कारण बाबांच्या डोळ्यांत बघवायचंच नाही. म्हाताऱ्या बापाला दोघं मिळून फसवतोय आपण! कळलं तर दादाला जन्मात दारात उभं करणार नाहीत.

शेवटी त्याला राहवेना. तो तडक दुकानात गेला. बाबा एका चष्म्याची काडी बसवत होते.

"बाबा, मला तुमची माफी मागायचीये. ते मेसेज माझे नव्हते. सर्व्हर माझा, नाव माझं, पण लिहायचा दादा."

बाबांनी स्क्रू पिळला. काडी उघडून बघितली, मिटली.

"माहितीये मला. पहिल्याच दिवशी कळलं."

"पहिल्याच? पण कसं? नाव तर माझंच दिसत होतं!"

बाबांनी चष्मा पुसून उजेडात धरला.

"एवढी विचारपूस करणारा तू असशील, असं मला एकदाही वाटलं नाही रे."