टाच

बालवाडीच्या ताईंनी ढोलावर दणका दिला आणि ओरडल्या, "हत्ती आला!"

खोलीभर हत्तीच हत्ती झाले. फरशी दणाणली. एक हत्ती दुसऱ्यावर आदळून रडायला लागला आणि ढोल पुन्हा वाजताच रडणं विसरून उठला. चिमणी नावाची एक मुलगी तेवढी चवड्यांवर, हात पसरून, सगळ्यांमधून अलगद निघून गेली. ढोल थांबला की पुतळा व्हायचं, त्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"हत्ती असा चोरासारखा चालतो का गं?" ताई हसून म्हणाल्या. चिमणीने नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा चवड्यांवरच निघाली.

तिची आई दाराशी पिशवीचा बंद पिळत उभी होती. पायात काही खोट नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण टाच आत्ताच टेकायला लागली पाहिजे, नाहीतर शिरा आखडतील. तेल चोळून झालं, गोडीगुलाबीने सांगून झालं, धपाटेही घालून झाले. आता हा ढोल.

बाकीची मुलं गेल्यावर ताईंनी विचारलं, "घरीही अशीच चालते?"

"ही चालायला लागली तेव्हा हिचे बाबा रात्रपाळीला होते. घर म्हणजे एकच खोली. दिवसा झोपायचे, आणि जरा खुट्ट झालं की उठून डोकं धरून बसायचे. मीच शिकवलं हो हिला, पाय वाजवायचा नाही म्हणून." आईने चिमणीचे केस मागे सारले. "वर कौतुक करत फिरायचे, पोरगी किती गुणी!"

"मग आता तुम्हीच शिकवा. मुलं ढोलाचं कुठे ऐकतात? आईचं बघतात. या, चपला काढा."

आई संकोचत मध्ये आली. चिमणी डोळे मोठे करून बघत राहिली. ढोल वाजला. आईने दातओठ खाऊन पाय उचलला, जोरात खाली आणला, आणि फरशीजवळ येताच तो आपोआप सावरला. बोटं टेकली. आवाज नाही. तिने पुन्हा उचलला. पुन्हा तेच.

"अहो, आपटा की खुशाल! इथे कोण झोपलंय?"

"होत नाहीये, ताई." आईला हसू येत होतं आणि रडूही.

ताईंनी ढोल खाली ठेवला. "हिच्या बाबांची रात्रपाळी कधी संपतेय?"

आईने चिमणीकडे पाहिलं. मग कोणी जागं होऊ नये अशा आवाजात म्हणाली, "ती तर केव्हाच संपली."