अर्पासायची न कापलेली फीत

चष्मेवाल्याला फितीतून काढायला तेव्हा तेमिरकुलला तीन दिवस लागले होते. आता त्याला परत आत घ्यायचं होतं आणि मिशीवाल्याला काढायचं होतं.

“मूळ फीत जाग्यावर आहे ना?” टेलिव्हिजन केंद्राचा संचालक शैलोबेक दारातूनच म्हणाला.

“आहे.”

“मग चेहरा कसला पाडून बसलायस? चष्मेवाले साहेब तेव्हा देशद्रोही होते, आता राष्ट्राध्यक्ष आहेत. तुझं-माझं काय जातंय?”

“माझे डोळे जातात,” तेमिरकुल म्हणाला.

एकोणीस वर्षांपूर्वी सहा ऑक्टोबरला अर्पासायच्या चौकात जमावावर गोळीबार झाला आणि पाचव्या दिवशी सरकार कोसळलं. देशाने तो दिवस पाहिला तो तेमिरकुलने चित्रित केलेल्या साडेचार मिनिटांच्या फितीतून. शाळेच्या पुस्तकातलं चित्र तिच्यातलं, टपालाचं तिकीट तिच्यातलं. मग पुढाऱ्यांचं आपसात फाटलं. जो खुर्चीवर बसे तो दुसऱ्याला फितीतून काढायला सांगे. कापून, जोडून, झाकून तेमिरकुल आता विटला होता. निवृत्तीला आठ महिने होते आणि तेवढेही त्याला डोंगराएवढे वाटत होते.

शैलोबेक गेला तशी एक तिशीची बाई आत आली. झीपार तिचं नाव. वरच्या खोऱ्यातल्या गावातून पहाटेची बस धरून आली होती.

“बाइके,” तिने थोरल्या भावाला घालावी तशी हाक घातली, “न कापलेली फीत तुमच्याकडे आहे म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात. दाखवत कोणी नाही.”

तिने टेबलावर फडक्याची पुरचुंडी सोडली. आत कणकेचे तळलेले गोळे, बोरसोक होते, अजून मऊ.

“आईने तळलेत. दर गुरुवारी तळते. तळणीचा वास मेलेल्या माणसापर्यंत पोचतो ना, म्हणून वडलांसाठी.”

“एकोणीस वर्षं?”

“एक गुरुवार चुकला नाही. हल्ली उभं राहवत नाही, तर कढईसमोर स्टूल घेऊन बसते.”

तेमिरकुलने एक बोरसोक तोंडात टाकला. सकाळपासून पोटात नुसता चहा होता.

तिचे वडील ओस्मोनाली त्या सहा तारखेला गुरांच्या बाजारात जातो म्हणून अर्पासायला आले, ते परत गेलेच नाहीत. प्रेत मिळालं नाही. चौकात आता मृतांच्या नावांचा दगड उभा राहणार होता. ज्याचं प्रेत नाही, तो माणूस चौकात होता याचा पुरावा समितीला हवा होता. मुदत उद्यापर्यंत.

“नाव नाही लागलं तर?”

“तर शेजाऱ्यांचं खरं ठरलं,” झीपार हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. “काय म्हणतात माहितीये? तळ बाई तळ, तिकडे रशियात ओस्मोनाली दुसरीच्या हातचं खाऊन ढेकर देतोय. आई खाली मान घालून ऐकते. डॉक्टरांनी वसंतापर्यंतची मुदत सांगितलीय. दगडावर नाव बघितलं की सुखाने जाईन म्हणते.”

“फितीत बघून काही हाती लागत नाही, पोरी. जिवाला नसता घोर. घरी जा.”

“एवढी आलेय तर बघून जाते.”

“मी सांगतो ते ऐक.”

“बाइके, एकोणीस वर्षं सगळे मला हेच सांगतायत.”

तेमिरकुलने उसासा टाकला आणि फीत लावली.

पडद्यावर चौक भरला. लोक ओरडत, मुठी उगारत पुढे आले. मिशीवाला मध्ये, शेजारी चष्मेवाला, अजून मित्र असलेले. चष्मेवाल्याच्या मागे पांढरी टोपी घातलेला एक हडकुळा माणूस होता. चष्मेवाल्याला काढताना तोही गेला होता. त्याच्याबद्दल कोणाची तक्रार आली नव्हती.

“थांबवा!”

झीपार उठून पडद्याला जवळजवळ चिकटली.

“कान बघा. डावा. लहानपणी कुत्र्याने तोडलेला.” तिचा आवाज फाटला. “बाबा आहेत! बाइके, माझे बाबा!”

“नीट बघ. पांढऱ्या टोप्या ढिगाने आहेत.”

“बापाला ओळखायला नीट बघावं लागतं का? चालवा पुढे.”

फीत पुढे सरकली. जमाव फुटला, लोक पळाले. हडकुळा माणूस दोन पावलं धावला, छातीवर हात दाबून गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. झीपारने तोंडावर रुमाल दाबला. मग डोळे पुसून वळली, तेव्हा तिचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता.

“पळाले नव्हते,” ती म्हणाली. “आम्हाला टाकून गेले नव्हते.”

तेमिरकुलला तिची दया आली आणि स्वतःची शिसारी आली.

तिने पिशवीतून समितीचा कागद काढला. चित्रण करणाऱ्याची सही हवी होती. त्याने नाव लिहिलं, ठिकाण लिहिलं आणि पेन तसंच धरून बसला.

“तारीख राहिली, बाइके.”

“हो.”

“विसरलात की काय? सहा ऑक्टोबर. पोरंसोरंही सांगतील.”

त्याने सहा ऑक्टोबर लिहिलं. सही केली. झीपारने कागद छातीशी धरला, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि दुपारची बस गाठायला जवळजवळ धावतच गेली.

तेमिरकुलने फीत मागे घेतली आणि तो माणूस पुन्हा एकदा पडताना पाहिला. सहा तारखेला पहिली गोळी सुटताच पोलिसांनी तेमिरकुलचा कॅमेरा फोडला होता. हे सगळं त्याने सतरा तारखेला घेतलं होतं, नव्या सरकारच्या हुकमाने, बाजारातून मिळेल तो माणूस चौकात आणून. ओस्मोनाली पहिल्या खेपेला पडता पडता हसला होता, म्हणून त्याला दुसऱ्यांदा मरायला लावावं लागलं होतं.