डावी बाजू

नजर समोर रोखली की रेनिल्डेला हँडलचं उजवं टोक दिसायचं, डावं दिसायचं नाही. ते बघायला मान वळवावी लागे. आज गेल्या शनिवारपेक्षा थोडी जास्तच वळवावी लागत होती.

"काय आलं, कॅप्टन?" मागच्या सीटवरून ओडिलनं विचारलं.

"चर्च. पुढे दगडी रस्त्याचा चढ आहे, गिअर उतरवते."

"उतरव."

जोडसायकलीवर पुढच्यानं हुकूम सोडायचा आणि मागच्यानं पायडल मारायचं. पुढच्याच्या रस्त्यावर मागच्यानं शंका घ्यायची नाही, हा औडेनार्ड गावातल्या त्यांच्या सायकल क्लबचा जुना शिरस्ता. ओडिल एके काळचा शर्यतीतला सायकलस्वार. डोळ्यांत मोतीबिंदू वाढून जग दुधाळ झालं, तेव्हापासून तो रेनिल्डेच्या मागे बसू लागला आणि शिरस्ता पाळू लागला. दर शनिवारी ती त्याला या टेकड्यांमधून नेई आणि वाटेत दिसेल ते सांगत राही.

मार्चमध्ये त्याच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. ती भेटायला गेली तेव्हा तो काळा चष्मा लावून खिडकीपाशी बसला होता. "तो विषय नको," एवढंच म्हणाला. तिनं पुन्हा काढला नाही.

तिचाही एक विषय होता. काचबिंदू. डाव्या बाजूची नजर कडेकडून मिटत चालली होती आणि गेलेली परत येणार नव्हती. गाडी चालवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावल्यावर तिनं गाडी भाचीला देऊन टाकली. जोडसायकलीबद्दल बाईंनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. क्लबात दुसरं कुणी ओडिलला घेऊन जायला तयार नव्हतं. "बायको गेली, आता आठवड्यात एक शनिवारच खरा," तो एकदा सहज म्हणाला होता. त्या वाक्यापाशी येऊन पुढची सीट सोडण्याचा तिचा निर्णय दर वेळी अडायचा.

चढावर क्लबातली तरणी मंडळी मागून आली.

"रेनिल्डे, मागे बघ! आजोबा पायडल मारत नाहीयेत, नुसते हवा खातायत!"

"हवा खाऊन तुझ्या बापाला तीनदा हरवलंय मी," ओडिल ओरडला. "विचार घरी जाऊन!"

हसत हसत ती पोरं पुढे निघून गेली. डावीकडून गेली, म्हणून रेनिल्डेला दिसली तेव्हा ती पार पुढे होती.

माथ्यावरून रस्ता वळला. इथे डावीकडे जुनी पवनचक्की. मान वळवायची तर हँडल हलायचं. तिनं वळवली नाही.

"चक्की आली. पंखे फिरताहेत."

"हं," ओडिल म्हणाला. "वारा बरा दिसतोय."

उतार सुरू झाला. सायकलीनं वेग घेतला. खालचा चौक उजव्या बाजूनं तरी मोकळा होता.

"ब्रेक! कॅप्टन, ब्रेक!"

तिनं दोन्ही ब्रेक आवळले. डावीकडून बीट भरलेला ट्रॅक्टर आला आणि पुढच्या चाकासमोरून गेला. चालकानं शिवी हासडली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कानांनी. तुझे कान हेल्मेटात अडकलेत." मग म्हणाला, "चल. कॉफी प्यावीशी वाटतेय."

खेराड्सबर्गेन गावाच्या चौकातल्या कॅफेत मालकीण यॉसिएननं नेहमीप्रमाणे न विचारताच दोन कॉफी आणि दोन मॅटेनटार्ट, म्हणजे इथल्या चीजच्या गोड पेस्ट्र्या, आणून ठेवल्या.

"चक्कीवरून आलात? भकास दिसते नाही बिचारी?"

"भकास कशानं?" रेनिल्डेनं विचारलं.

"अगं, पंखे नेले ना दुरुस्तीला! महिना झाला. डोळे मिटून चालवतेस की काय?" यॉसिएन हसत आत गेली.

रेनिल्डेनं ओडिलकडे पाहिलं. तो कॉफीत साखर ढवळत होता. विश्वासानं आपल्या मागे बसणाऱ्या माणसाला आपण महिनाभर आठवणीतला रस्ता सांगत होतो. चक्कीचं एक वेळ ठीक. पण आज तिनं तो चौकही मोकळा धरला होता. तिनं मॅटेनटार्टची बशी बाजूला सारली.

गावातून सुटणारा तो उभा दगडी चढ दोघं चढले. माथ्यावरच्या छोट्या चर्चच्या भिंतीला तिनं सायकल टेकवली आणि ओडिलला हाताला धरून बाकावर बसवलं. खाली सगळा मुलूख पसरला होता. त्याचं वर्णन तिनं केलं नाही.

"ओडिल, मी आता पुढे बसणार नाही."

तो तिच्याकडे वळला.

"मला डावीकडचं दिसत नाही. फेब्रुवारीपासून माहीत आहे. मगाशी तुम्हाला मारलं असतं मी. चक्कीचं खोटं बोलले, आणखी कशाकशाचं बोलले असेन, देव जाणे. शिव्या द्या हव्या तर."

"शिव्या कशाला?"

"तुमचा शनिवार गेला म्हणून."

"आणि तुझा?"

तिनं डोळे पुसले आणि फोन काढला. "इथून खाली मी तुम्हाला नेणार नाही. भाचीला गाडी घेऊन बोलावते."

"ठेव तो फोन."

ओडिल उठला. काहीही न चाचपता भिंतीपर्यंत सरळ चालत गेला, सायकल उभी केली आणि पुढच्या सीटवर टांग टाकली.

"भीती वाटत होती, सांगितलं की तू यायची थांबशील," तो म्हणाला. "मला ईस्टरपासून दिसतंय, रेनिल्डे. बस मागे. आजपासून पुढे मी."