पगाराची कमाल मर्यादा

सहीपूर्वी कायद्याचा शब्दन्‌शब्द वाचणं हे माणसाचं पहिलं कर्तव्य, असं दादाराव मानत. सिंगापूरमधल्या पुंगोलच्या फ्लॅटचा भाडेकरार त्यांनी चष्म्याशिवायच उरकला होता. आता अमेरिकेतलं एक कॉलेज त्यांच्या जान्हवीला पोहण्यासाठी शिष्यवृत्ती देत होतं. करारावर वडिलांची सही दुपारी बारापर्यंत हवी होती. पावणेबारा झाले तरी दादाराव कॉलेजांना अशी मर्यादा घालायची मुभा देणाऱ्या तिथल्या नव्या विधेयकातच अडकलेले. "सगळ्या कॉलेजांनी मिळून खेळाडूंच्या पगारावर मर्यादा घालायची, हे संगनमतच! विधेयक पडून कोर्टाने मर्यादा उठवली, तर पोरगी स्वस्तात गेली!" "अहो, जागा गेली तर फुकटातही कुणी घेणार नाही," बायको नंदा कडाडली. "बाबा, जस्ट साइन लाह!" जान्हवी रडकुंडीला आली. बाराला दोन मिनिटं असताना त्यांनी सही केली आणि कॉलेजच्या कोचला विचारलं, "मर्यादा उठल्यावर फरक मिळेल ना?" उत्तर आलं: "स्टुडंट व्हिसावर पगार मिळत नाही."