हिरवा दिवा

नोकरीच्या थापेनं आणून कोंडलेला आर्नेल मेकाँगकाठच्या त्या फसवणुकीच्या अड्ड्याचं नेटवर्क सांभाळायचा. कुंपणाच्या भोंग्याला जोडणाऱ्या, एक जाणारी नि एक येणारी अशा दोन तारांपैकी एक जरी बिघडली, की नेटवर्कचं यंत्र आपोआप तपासून ती जोडणीच बंद करायचं आणि पहाऱ्याच्या खोलीत लाल दिवा लागायचा.

"परत लाल? ए मनिलावाल्या!" बॉसनं त्याच्याच तारा कापायच्या पकडीत धरून त्याचं बोट कडकन मोडलं. "ती तपासणीच काढून टाक."

"बॉस, मग तार तुटली तरी इथं हिरवाच दिसेल."

"दिसू दे की! अजून नऊ बोटं आहेत तुला."

आर्नेलनं डाव्या हातानं तपासणी बंद केली.

दुसऱ्या दुपारी त्याच पकडीनं त्यानं आधी भोंग्याकडे जाणारी तार कापली, मग कुंपण.



संध्याकाळी बॉस आला, तेव्हा पहारेकरी हिरव्या दिव्याखाली पत्ते कुटत होते आणि कोंडलेल्यांच्या बराकी रिकाम्या होत्या.