काळी एकचा सूर

अण्णांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला पंचवटीतलं भजनी मंडळ त्यांच्याच पेटीच्या साथीने गाणार होतं. आजारपणात घरी एकट्याने वाजवलेली ती पेटी रेकॉर्ड होऊन माझ्या लॅपटॉपमध्ये होती. मी लॅपटॉप ऑडिओ इंटरफेसला जोडला आणि त्यातून दोन्ही स्पीकरना वायरी दिल्या.

"सुरुवातीला बराच वेळ एकच सूर धरून बसलेत, मग स्वतःशीच काहीतरी बोलतात," मी तबल्यावरच्या पुंजारामकाकांना सांगितलं. "गोळ्यांची गुंगी असायची. तेवढं कापते."

"थांब गं. तुझा बाप उगाच सूर धरणाऱ्यातला नव्हता. ऐकव."

स्पीकरमधून पेटीची काळी एक पट्टी घुमली. काकांनी क्षणभर मान वर केली, मग हातोडी उचलली आणि त्या सुरात तबला लावायला घेतला. तबल्याच्या कडेचं एकेक घर ठोकायचं, बोटाने तपासायचं, पुन्हा ठोकायचं. सूर तसाच धरलेला. शेवटचं घर जुळलं आणि अण्णांचा आवाज आला, "लागला का रे?"

काकांनी हातोडी खाली ठेवली.

"लागला, अण्णा," काका म्हणाले.

या उत्तराला पुरेल एवढीच जागा अण्णांनी सोडली होती. मग पेटी सुरू झाली.